डोळ्यातल्या रक्तवाहिन्या थांबवायच्या, पायातल्या वाढवायच्या : हे एन्झाईमचं नेमकं काय गौडबंगाल आहे?

निपाणीकर_७२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

आमचे आबा, वय ६४. तीस वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढली. विडी त्याच्याही आधीपासूनची. साखर बारा वर्षांची. दिवाळीपासून चालताना डाव्या पोटरीत गोळा येतो. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आमच्याकडं फार अंतर नाही. आधी देवळापर्यंत जायचे, मग अलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, आता त्याच्याही अलीकडं लाईटच्या खांबाला धरून उभे राहतात. दोन मिनिटं थांबलं की गोळा जातो, परत चालतात. लोकांना वाटतं आबा खांबाशी गप्पा मारतात.

चार दिवसांपूर्वी बेळगावला दाखवलं. डॉक्टर म्हणाले मांडीतली मोठी रक्तवाहिनी अरुंद झालीय, विडी बंद करा आणि चाला, चालून चालून आजूबाजूनं नव्या वाटा होतात. पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात. आता गंमत बघा. ह्याच आबांच्या डोळ्यात दोन महिन्यांपूर्वी इंजेक्शन दिलंय. साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्या वाढू नयेत म्हणून! आबा डॉक्टरांना म्हणाले, "डोळ्यातल्या काढून पायात लावा की." डॉक्टर हसले. मी घरी येऊन विचार करत बसलो.

आणि तिसरं. गावातल्या एकानं 'एन्झाईम'च्या गोळ्या आणून दिल्यात. नसा मोकळ्या होतात म्हणे, महिन्याला २८०० रुपये. चुलत्यांनी पैसे देऊन टाकलेत.

तर हे एन्झाईम रक्तवाहिन्यांत नेमकं करतात तरी काय? आणि गोळी खाऊन पायात रक्तवाहिनी उगवते का?

---

खानापूरची_मंदा

उत्तर माहीत नाही, पण बसते इथंच. अवांतर: माझी मुलगी कन्नड माध्यमात आहे. तिच्या पुस्तकात एन्झाईमला 'किण्व' म्हणतात. मी मराठी शाळेतली, मला किण्वन म्हणजे पीठ आंबवणं एवढंच ठाऊक. तिला परवा सांगितलं, इडलीच्या पिठात असतं बघ ते. ती म्हणाली आई तुला काही कळत नाही.

---

निवृत्त_मास्तर

मंदाताई, लेकीला सांगा आई फारशी चुकली नाही. 'एन्झाईम' हा शब्दच १८७०च्या दशकात जर्मनीत कूनं नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रीकमधून बनवला, अर्थ 'खमिरातलं'. आमच्या मराठी पुस्तकात 'विकर'. चाळीस वर्षं शिकवला, पण वर्गाबाहेर एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही.

निपाणीकर, विकर म्हणजे शरीरातला कारागीर. स्वतः न झिजता एकच ठरावीक काम झटपट करतो. एक कापतो, एक जोडतो, एक शिक्का मारतो. बाकीचं जाणकार सांगतील.

---

अंडीवाली

आयडी वाचून हसू नका. पुण्यात एका प्रयोगशाळेत सहा वर्षं कोंबडीच्या फलित अंड्यांवर काम केलं, म्हणून हे नाव. माहेर वडगाव, बेळगाव. कवचाला छोटी खिडकी पाडायची आणि आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या कशा पसरतात ते बघायचं. काल जिथं चार लाल रेघा होत्या तिथं आज सकाळी पिंपळाच्या पानासारखी जाळी. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'रक्तवाहिनी उगवते' हे वाक्य पुस्तकातलं राहत नाही.

क्रमानं सांगायचा प्रयत्न करते. घसरले तर ओढा.

पेशीला प्राणवायू कमी पडतोय हे कळतं कसं? त्याचा पहारेकरीच एक एन्झाईम आहे, प्रोलिल हायड्रॉक्सिलेज. पेशीत 'हिफ' नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू भरपूर असेल तोवर हा पहारेकरी हिफवर शिक्का मारत राहतो, आणि शिक्का बसलेलं हिफ काही मिनिटांत मोडीत निघतं. शिक्का मारायला त्याला प्राणवायू स्वतःलाच लागतो, शिवाय लोह. प्राणवायू संपला की शिक्के थांबले, हिफ साचलं, ते केंद्रकात जाऊन व्हीईजीएफ ह्या प्रथिनाचा जनुक चालू करतं. व्हीईजीएफ म्हणजे शेजारच्या रक्तवाहिनीला धाडलेला सांगावा : इकडं फांदी पाठव. पेशीला प्राणवायू कमी-जास्त झालेला कसा कळतो, ह्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा ह्यांना २०१९चं नोबेल मिळालं. मला ह्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? इथं नवीन काही सुरू होत नाही. रोजची मोडतोड तेवढी थांबते, आणि बाकी सगळं आपोआप घडतं.

सांगावा पोचला. पण रक्तवाहिनीभोवती कोलॅजेनचं घट्ट अस्तर असतं. तुमच्या भाषेत बांध. फांदी फुटायची तर बांध फोडायला हवा. ते काम एमएमपी नावाच्या कात्र्यांचं, मुख्यतः एमएमपी-२ आणि एमएमपी-९, प्रत्येकीच्या पात्यात जस्ताचा अणू. ह्या घराण्यातली पहिली कात्री १९६२ साली सापडली, तीही बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत! शेपूट विरघळतं कसं हे बघताना. कात्रीनं बांध फोडला की त्या अस्तरात अडकून पडलेलं आणखी व्हीईजीएफही सुटतं, म्हणजे काम वाढतच जातं. म्हणून ह्या कात्र्यांना आवरणारी प्रथिनंही शरीर सोबतच पाठवतं. फांदी फुटली, पोकळ झाली, दुसऱ्या फांदीला भिडली की रक्त वाहू लागतं. शेवटी लायसिल ऑक्सिडेज भिंतीचे धागे एकमेकांत गुंतवून पक्के करतं. त्याला तांबं लागतं.

आता आबांचा प्रश्न. मला तो फार आवडला. डोळ्याचा पडदा पातळ, भुकेला, आणि बंद खोलीत. साखरेनं तिथल्या बारीक केशवाहिन्या मरतात, पडदा गुदमरतो, सांगावा धाडतो. सांगावा त्या बंद खोलीतच साचतो आणि घाईघाईत कच्च्या, गळक्या वाहिन्या उगवतात. आबांना दिलेलं इंजेक्शन बहुतेक तो सांगावाच पकडून ठेवणारं आहे.

पायात मात्र अडचण वरच्या मोठ्या नळात आहे. हिडकलच्या कालव्याचं उदाहरण घेते. मुख्य कालवा वरच बुजला, तर टोकाच्या शेतात दहा नवे दंड पाडून काय उपयोग? पाणीच नाही. तिथं कामाला येतात त्या बुजलेल्या जागेला वळसा घालून जाणाऱ्या जुन्या, बारीक चाऱ्या. सगळं पाणी त्यांच्यातून जोरात धावायला लागलं की त्या काठ कापत रुंद होतात. तुमचे डॉक्टर 'नव्या वाटा' म्हणतात त्या ह्याच. नव्या नसतात, जुन्याच रुंदावतात. चालल्यावर पोटरी रक्त मागते, ह्या चाऱ्यांतून प्रवाह वाढतो, प्रवाह भिंतीला घासतो, आणि त्या घासण्यानं भिंतीतलं ई-नॉस हे एन्झाईम जागं होतं. ते आर्जिनिन ह्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साईड वायू बनवतं. वाहिनी सैलावते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, ह्यासाठी १९९८चं नोबेल.

साखर आणि विडी दोन्ही नेमकं ह्याच ई-नॉसला बिघडवतात. त्याच्या मदतनीस रेणूची वाट लागते आणि तेच एन्झाईम नायट्रिक ऑक्साईडऐवजी भिंतीला इजा करणारं सुपरऑक्साईड सोडायला लागतं. चांगला गवंडी दारू पिऊन भिंत पाडायला लागतो तसं.

---

वखारीची_लेक

अंडीवालीताई, कालवा वाचून सगळं समजलं. एक विचारते. माझी आई विडी ओढत नाही, पण वखारीत तीस वर्षं काम केलं आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तिला धोका आहे का? आमच्या गल्लीत मिश्री न लावणारी बाई शोधावी लागेल.

---

कधीकाळचा_आरएमओ

हो, आहे. धूर नसला तरी निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच. धुराइतकं वाईट नाही म्हणून चांगलं, असं होत नाही. तंबाखूमुळं होणारा आणखी एक आजार आहे, बर्जर. लिओ बर्जर ह्यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात चरबीनं नळ बुजत नाहीत, हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून गुठळीनं बंद होतात, तेही पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या. मी दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा विडी ओढणारे असे तरुण रुग्ण पाहिलेत. एक बोट जातं, मग पंजा. ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली त्यांचं कापणं बहुतेक थांबतं. 'दिवसाला दोनच' वाल्यांचं थांबत नाही.

निपाणीकर, दोन प्रश्न. आबा रात्री झोपतात का? आणि पायाची बोटं मोजे काढून, उजेडात, मध्ये बोट घालून बघितलीत का?

---

जिमवाला_टिळकवाडी

ई-नॉस आर्जिनिनपासून वायू बनवतं म्हणताय, मग आर्जिनिनची पावडर द्यायची की! आमच्याकडं जिममध्ये सगळे घेतात.

---

अंडीवाली

हा विचार सगळ्यांनाच सुचतो. २००७ मध्ये पायाच्या ह्याच आजाराच्या लोकांना सहा महिने आर्जिनिन देऊन बघितलं. फायदा नाहीच, उलट औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेतलेले लोक चालण्यात थोडे पुढे गेले. कच्चा माल कमी नसतोच, कारागीर बिघडलेला असतो.

---

निवृत्त_मास्तर

मग तो व्हीईजीएफच इंजेक्शननं पायात का देत नाहीत?

---

अंडीवाली

दिलं, मास्तर. १९९०च्या दशकात बोस्टनला जेफ्री इस्नर ह्यांनी व्हीईजीएफचा जनुकच रुग्णाच्या पायाच्या रक्तवाहिनीत सोडला. केवढी आशा होती! आम्ही शिकत असताना ते पेपर गोष्टीसारखे वाचायचो. पुढं रक्तवाहिन्या वाढवणाऱ्याच दुसऱ्या एका वाढघटकाचा जनुक पाचशेहून जास्त रुग्णांना देऊन मोठी चाचणी झाली. निकाल २०११ला आला : पाय कापावा लागणं आणि मृत्यू, दोन्हीत काही फरक नाही. उंदरात सुरेख चालतं. पण उंदीर तरुण असतो, त्याला साखर नसते, आणि तो विडी ओढत नाही.

सांगावा कितीही मोठ्यानं ओरडला तरी ऐकणाऱ्या पेशींचे कान साखरेनं गेलेले असतात, असं माझं मत. मधुमेह्यांच्या पांढऱ्या पेशी व्हीईजीएफला नीट प्रतिसाद देत नाहीत हे दिसलेलं आहे. आणि पायाला जखम झाली की तिथं एमएमपी-९ गरजेपेक्षा जास्त साचतं. कात्री हातातून ठेवायचीच विसरते. नवीन विणलेली जाळी तीच कापत बसते. म्हणून साखरवाल्याची जखम महिनोन् महिने तशीच.

---

शंकासुर_चिकोडी

थांबा थांबा. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या काकांना हार्ट अटॅक आला तेव्हा चिकोडीत स्ट्रेप्टोकायनेज दिलं होतं, त्यानं वाचले. ते एन्झाईमच ना? मग गोळ्याही चालतील.

---

कधीकाळचा_आरएमओ

नावात 'एज' असलं तरी स्ट्रेप्टोकायनेज स्वतः एन्झाईम नाही :) स्ट्रेप्टोकोकस जंतूचं प्रथिन आहे. ते आपल्या रक्तातल्या प्लास्मिनोजेनला कवटाळतं, त्या जोडीतून प्लास्मिन हे खरं एन्झाईम तयार होतं, आणि ते गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांचे तुकडे करतं. तीन गोष्टी लक्षात घ्या. ते शिरेतून देतात, तोंडावाटे नाही. ते ताजी गुठळी विरघळवतं, वर्षानुवर्षं बसलेला चरबी-चुन्याचा थर नाही. आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, म्हणून दवाखान्यातच.

गोळीतलं एन्झाईम म्हणजे प्रथिन. पोटात गेलं की बहुतेक पचतं, जसं अंडं पचतं. सूज उतरवायची म्हणून आपल्याकडं सेराशिओपेप्टिडेज सर्रास लिहितात. मूळचं ते रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जंतूचं. ज्या जपानमध्ये ते जन्मलं तिथं फेरतपासणीत नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०११मध्ये मूळ कंपनीनंच बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडं चालूच आहे.

उलट बघा, आबांना खरं काय देतील. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन : यकृतातलं एक एन्झाईम अडवते, आणि वरून ई-नॉसलाही थोडं बळ देते. सिलोस्टॅझॉल : फॉस्फोडायएस्टरेज-३ हे एन्झाईम अडवून चालायचं अंतर वाढवतं, पण हृदय कमजोर असलेल्याला देत नाहीत. रक्तदाबाचं रॅमिप्रिल : तेही एक एन्झाईम अडवतं. म्हणजे आमची चांगली औषधं एन्झाईम पुरवत नाहीत, नको तिथं काम करणाऱ्याला गप्प बसवतात. अंडीवालींच्या त्या पहारेकऱ्याला अडवणारी गोळीसुद्धा निघाली आहे. डेसिडुस्टॅट, भारतात २०२२ पासून. पण ती किडनीच्या रुग्णांचं रक्त वाढवायला, पायासाठी नाही.

निपाणीकर, माझ्या दोन प्रश्नांचं काय झालं?

---

निपाणीकर_७२

डॉक्टरसाहेब, उशीर झाला, माफ करा. काल रात्री बघितलं.

झोपत नाहीत. दोन वाजता उठून खाटेच्या कडेला बसतात, डावा पाय खाली लोंबता सोडून. तसं बरं वाटतं म्हणतात. आम्हाला वाटायचं वयामुळं झोप गेली. आणि करंगळी आणि शेजारचं बोट ह्यांच्या मध्ये चणाडाळीएवढी काळी जागा आहे. दुखत नाही म्हणाले. चप्पल लागली असेल.

---

कधीकाळचा_आरएमओ

धागा बाजूला ठेवा. उद्या सकाळी निघा.

रात्री पडल्यावर दुखणं आणि पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं म्हणजे रक्त आता केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर पोचतंय. काळी जागा दुखत नाही ती साखरेनं संवेदना गेल्यामुळं, बरी आहे म्हणून नाही. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांना ह्या दोन गोष्टी कुणी सांगितल्या नसतील, म्हणून त्यांनी चालायला सांगितलं. आता चालून वाटा रुंद व्हायची वाट बघायची नाही. त्याला महिने लागतात, बोटाला तेवढा वेळ नाही. आधी वरचा नळ उघडायला हवा, रक्तवाहिनीत फुगा फुगवून किंवा बायपासनं.

जाताना हे बोला : "रात्री दुखतंय, बोट काळं आहे, साखर आहे." ह्याच शब्दांत. घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर मोजून भागाकार करतील, ०.९ किंवा कमी म्हणजे अडथळा. पण साखरेत घोट्याच्या वाहिन्या चुन्यानं कडक होतात, आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह आवाजावरून तपासतात ते) करा म्हणावं. पाय शेकू नका, गरम पाण्यात घालू नका, काळा भाग घरी कापू नका. आणि डोळ्याच्या इंजेक्शनचा कागद सोबत न्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं कळू द्या.

---

खानापूरची_मंदा

दादा, गाडी नसेल तर सांगा. माझे दीर रोज बेळगावला येतात, निपाणीहून आणायची सोय करू. खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड जरूर न्या. आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये फुले योजनेचं जाहीर केलं होतं, तुमचं गाव यादीत आहे का, आज कागद चालतात का, हे मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा.

---

शंकासुर_चिकोडी

आणि त्या २८०० वाल्या गोळ्या बंद करा. मघाशी मी चुकीचं बोललो.

---

निपाणीकर_७२

(पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

मंडळी, उशिरा लिहितोय. दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉपलरची ती लेखणी घोट्यावर ठेवली. उजव्या पायाला 'फुश फुश' ऐकू आलं, डाव्याला वारा सुटल्यासारखं एकसारखं सूं... तंत्रज्ञ मुलगी कानडीत सहकाऱ्याला काहीतरी हळू बोलली. आबांना कानडी चांगलं येतं, हे तिला माहीत नव्हतं. आबा मला म्हणाले, "वाजत नाही म्हणतीये."

मांडीत फुगा घालून वाट उघडली. करंगळी गेली. शेजारचं बोट राहिलं. ड्रेसिंग बायको करते, आता कडेनं लाल दाणेदार मांस दिसतंय. अंडीवालीताई, ते बघून तुमची अंड्यातली जाळी आठवली. डोळ्याच्या डॉक्टरांना पायाचे कागद दाखवले, पुढचं इंजेक्शन दोघं डॉक्टर बोलून ठरवणार आहेत. जखम भरल्यावर चालायचं वेळापत्रक दिलंय : गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, किमान तीन महिने.

गोळ्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. तो माणूस आता दुसऱ्या गल्लीत विकतोय.

विडी. पहिले दहा दिवस आबांनी घर डोक्यावर घेतलं. १९८१च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेला माणूस मी, मला तंबाखू सोडायला सांगता, असं ऐकवलं. आता अकरा दिवस झाले, नाही ओढलेली. काल खोलीतून बाहेर येऊन अंगणात बसले.

---

अंडीवाली

दाणेदार मांस म्हणजे तीच जाळी. दर दाण्याच्या मध्यात केशवाहिन्यांचा एकेक झुबका असतो. म्हणून ड्रेसिंग ओढून काढू नका, आधी सलाईननं भिजवा.

---

वखारीची_लेक

आईला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि मिश्रीची डबी पदराखाली सारली.

---

खानापूरची_मंदा

आबांना म्हणावं, गिरणीपर्यंत पोचलात की गिरणीवाल्याकडं विडी मागू नका.

---

निपाणीकर_७२

ताई, मागितली होती. त्यानंच मला फोन करून सांगितलं. दिली नाही म्हणाला.